नेपोलियनच्या काळातली मोठी लढाई टेबलावर खेळायची तर नियम कोणते घ्यावेत?

सहा खेळाडू, १५ मिलिमीटरच्या फिगर (छोटे सैनिक), हातात सुट्टीचा एक दिवस आणि खेळायचं आहे वॉटर्लू, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी एकच गोष्ट ठरवा: तुमची सगळ्यात लहान तुकडी बटालियन (काहीशे सैनिक) असेल की ब्रिगेड (काही बटालियन मिळून)?

आम्ही हे न ठरवताच बसलो होतो. नियम बटालियनचे होते आणि माझ्या वाट्याला नेपोलियनचा सेनानी डेर्लों याची कोअर आली. चार डिव्हिजन, तीसहून जास्त बटालियन. प्रत्येकीची रुंद रांग करायची की कॉलम (अरुंद, खोल रचना), घोडदळ आलं की चौकोन कधी बांधायचा, सगळं मीच बघायचं. १८ जून १८१५ ला दुपारी दीडच्या सुमारास सुटलेला तो हल्ला आमच्या टेबलावर अंधार पडला तरी संपला नव्हता. नेपोलियनविरुद्ध उशिरा येऊन मिळणारी प्रशियन फौज आलीच नाही. ती खेळायला मुद्दाम लांबून आलेला मित्र दिवसभर नुसता बघत बसला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तीच कोअर ब्रिगेडमध्ये मोजली तर आठच तुकड्या होतात, आणि आठ तुकड्या एका माणसाला नीट सांभाळता येतात.

म्हणून माझं मत सॅम मुस्तफा यांच्या 'ब्लूशर' या नियमांना. त्यात एक तुकडी म्हणजे एक ब्रिगेड. तुमच्या पाळीत किती हालचाली करता येतील ते ठरवणारे फासे समोरचा टाकतो आणि झाकून ठेवतो. पाळी संपल्याचं तो सांगेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. त्यामुळे सगळ्यात निकडीचा हुकूम आधी द्यावा लागतो, आणि सेनापतीची खरी घालमेल तिथेच कळते. बटालियनचे चौकोन बांधण्यातली मजा जाते हे मान्य. पण ते काम नेपोलियनचं नव्हतंच.

हुकूम फसायला जागा नसेल तर ते नियम या काळाचे नव्हेत, असं मी मानतो. वॉटर्लूच्या दोनच दिवस आधी हाच डेर्लों काट्र-ब्रा आणि लिन्यी या दोन रणांगणांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला आणि दोन्ही लढायांना मुकला. 'ब्लॅक पावडर' या दुसऱ्या नियमांमध्ये हे छान येतं: हुकूम आधी तोंडाने बोलायचा, मग दोन फासे टाकायचे, आकडा सेनापतीच्या गुणांकावर गेला की तुकडी जागची हलत नाही. मात्र तिथे तुकडी बटालियनची, आणि अंतरं भल्यामोठ्या टेबलाच्या हिशेबाने आखलेली. 'जनरल दार्मे' या आणखी एका नियमांतली एडीसी (सेनापतीचे हुकूम पोचवणारे अधिकारी) वाटून देण्याची पद्धत मला फार आवडते, पण तेही नियम बटालियनचेच. काट्र-ब्राएवढ्या लढाईला ते घ्या.

फिगरचे बेस (ज्यांवर त्या चिकटवलेल्या असतात त्या पट्ट्या) एवढ्यात बदलू नका. ब्लूशर नुसत्या कार्डांवरही खेळता येतो, तेव्हा आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून एक डाव खेळून बघा. त्या डावात वॉटर्लूच्या रणांगणातल्या फक्त प्लान्सनुआ गावाकडची लढाई घ्या, फ्रेंच लोबाऊविरुद्ध प्रशियन ब्यूलोव. प्रशियन खेळाडूला पहिल्या पाळीपासून हात चालवायला मिळेल.