मॉसकॉनला, म्हणजे महाराष्ट्रातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेला, पहिल्यांदाच चाललायस? मग पाहुणे स्पीकर असे ऐक
रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) आहेस तर मोठ्या हॉलमधली ओरेशन्स (मानाची भाषणं) एखाद-दुसरीच ऐक, छान असतात पण हाताला फारसं काही लागत नाही. खरा माल कॉम्प्लिकेशनच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय बिघडलं त्याच्या, व्हिडिओ सेशनला. फेको (अल्ट्रासाउंडच्या प्रोबने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन) करताना मागची कॅप्सूल (भिंगामागचा पातळ पडदा) फाटली की नवखा माणूस घाबरून प्रोब झटकन बाहेर ओढतो, मग चेंबर (डोळ्याची पुढची पोकळी) कोसळतो आणि व्हिट्रिअस (डोळ्यात मागे असणारं जेल) पुढे येतं, मुरलेला सर्जन आधी साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को (जागा धरून ठेवणारं घट्ट जेल) भरतो अन् मगच प्रोब काढतो, हे तिथे पडद्यावर नीट दिसतं. माईकवर विचारायची लाज वाटत असेल तर चहाच्या रांगेत गाठ स्पीकरना, बाहेरून आलेले पाहुणे उलट जास्त मोकळं बोलतात. स्लाइडांचे फोटो काढत बसू नकोस, पेशंटचे डोळे असतात त्यात. आणि वेट लॅब (ऑपरेशनचा हाताने सराव करायचा वर्ग) असेल तर नाव आधीच नोंदव.