डॉक्टरचं मनगट धरणारी माणसं

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेत डॉक्टर नावाचा परग्रहवासी माणसांना सोबती म्हणून घेऊन काळात आणि अवकाशात फिरतो. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५पासूनच्या ‘डॉक्टर हू’चे पहिले दोन सीझन पाहून झाले, रोझ ही सोबतीण गेली, आता पुढे बघायची इच्छा राहिली नाही. दर दोन वर्षांनी जुन्या सोबत्याला निरोप देऊन नवा आणायचा असेल, तर त्याच्यात जीव का गुंतवायचा? आणि ही माणसं करतात तरी काय, ‘डॉक्टर, हे काय आहे?’ असं विचारायचं आणि त्याच्या हुशारीला मम म्हणायचं. पुढचं आधी कळलं तरी चालेल असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काही राखून ठेवत नाही.

तुमची तक्रार खुद्द मालिकेतच एका सोबतिणीच्या नावावर नोंदलेली आहे. १९७० साली लिझ शॉ नावाची केंब्रिजची शास्त्रज्ञ डॉक्टरबरोबर काम करत होती. पुढच्या वर्षी ती गायब. तिला निरोपाचा प्रसंगसुद्धा मिळाला नाही. त्यांच्याबरोबर काम करणारा लष्करी अधिकारी, ब्रिगेडियर, डॉक्टरला सांगतो, ती केंब्रिजला परत गेली. तुला हवंय ते फक्त परीक्षानळ्या हातात द्यायला आणि तू किती हुशार आहेस हे सांगायला कुणीतरी, असं तीच म्हणायची. त्याआधी १९६६मध्ये डोडो नावाच्या सोबतिणीचं तर याहून वाईट झालं. कथा अर्ध्यावर असताना तिला विश्रांतीसाठी गावी पाठवलं, आणि शेवटी ‘मी इथेच राहते’ एवढा निरोप दुसऱ्याच्या तोंडून आला. साठच्या दशकातल्या कित्येक मुलींना किंचाळण्यापलीकडे फारसं काम नसे. हे सगळं मला मान्य आहे, आणि त्या नटींसाठी आजही वाईट वाटतं.

पण म्हणून सोबती म्हणजे हो ला हो करणारं पात्र, हे मला मान्य नाही. मी जुनं-नवं दोन्ही पाहिलंय, काही कथा तीन-चार वेळा. माझं मत असं झालंय की सोबत्याचं खरं काम डॉक्टरला प्रश्न विचारण्याचं नाही, त्याचं मनगट धरण्याचं आहे. हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. पहिल्याच कथेत ते अक्षरशः घडतं.

२३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर पहिला भाग दाखवला गेला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट आणि दिग्दर्शक वारिस हुसेन, दोघंही तिशीच्या आतली. (हुसेन यांचा जन्म लखनौचा आणि बालपण बरंचसं मुंबईत गेलेलं, या मालिकेचा पाया घालणाऱ्यांत आपल्याकडचा एक माणूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं.) लंडनच्या कोल हिल शाळेतले दोन शिक्षक, विज्ञानाचा इअन चेस्टरटन आणि इतिहासाची बार्बरा राइट, सूझन नावाच्या विलक्षण विद्यार्थिनीच्या काळजीने तिच्या घरचा पत्ता शोधत भंगाराच्या आवारात पोचतात. तिथे निळी पोलीस पेटी, म्हणजे टार्डिस हे काळयान, आणि सूझनचा तऱ्हेवाईक आजोबा, म्हणजेच डॉक्टर. हे दोघं बाहेर जाऊन बोभाटा करतील म्हणून तो आजोबा त्यांना चक्क पळवून नेतो. मरायची वेळ आली की डॉक्टर देह बदलतो, म्हणून ती भूमिका करणारी माणसं बदलत जातात; विल्यम हार्टनेलचा हा पहिला डॉक्टर तुम्ही पाहिलेल्या डॉक्टरांसारखा नाही. तो घाबरट आहे, आपमतलबी आहे.

मग अश्मयुगात, जंगलातून पळत असताना, त्यांचा पाठलाग करणारा टोळीवाला जनावराच्या हल्ल्यात जखमी होऊन पडतो. बार्बरा थांबते. त्याला असं टाकून जाणार नाही म्हणते. डॉक्टरला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. जरा वेळाने तो एक दगड उचलतो आणि त्या जखमी माणसाकडे वळतो. इअन त्याचा हात पकडतो आणि विचारतो, काय करतोयस? डॉक्टर सावरून म्हणतो, टार्डिसची वाट याच्याकडून काढून घेणार होतो. ते कुणालाच पटत नाही, आपल्यालाही नाही. तो दगड पडला असता तर पुढची साठ वर्षं घडली नसती, निदान या डॉक्टरची तरी नाही. पुढे जो दयाळू, जीव वाचवणारा डॉक्टर आपण ओळखतो, तो त्या हाताच्या पकडीतून सुरू होतो असं मी मानतो.

दोनच महिन्यांनी, १९६४च्या फेब्रुवारीत, एक छोटी दोन भागांची कथा आली. चारच पात्रं, सगळं टार्डिसच्या आत. यंत्र बिघडलंय आणि डॉक्टर शिक्षकांवर घातपाताचा आळ घेतो. बार्बरा त्याला तोंडावर सुनावते, आमच्यामुळे तू जिवंत आहेस, आमचे पाय धरायला हवेस. बिघाडाचा उलगडाही तिलाच होतो, आणि शेवटी डॉक्टर तिची माफी मागतो. विश्वातल्या सर्वांत शहाण्या माणसाने शाळेतल्या बाईंची मागितलेली ती माफी मला पुढच्या कित्येक मोठमोठ्या लढायांपेक्षा जास्त आवडते.

बार्बराची सर्वांत मोठी कथा अॅझ्टेकांची, त्याच वर्षीच्या मे-जूनमधली. तिला तिथले लोक देवतेचा अवतार समजतात. हाती सत्ता आलीच आहे तर नरबळी बंद करावेत, म्हणजे स्पॅनिश आल्यावर ही संस्कृती वाचेल, असं तिच्या मनात येतं. डॉक्टर जीव तोडून सांगतो, इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही. ती ऐकत नाही आणि हरते. तिच्या शब्दावर विश्वास ठेवलेला एकच माणूस, ज्ञानाचा पुजारी ऑटलॉक, आपल्या धर्मावरची श्रद्धा गमावून रानात निघून जातो. डॉक्टर तिची समजूत घालतो की एक संस्कृती वाचवता आली नाही, पण एका माणसाचं तू भलं केलंस.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ४४ वर्षांनी तिचं उत्तर येतं, आणि तेही तुम्ही जिथे थांबलाय तिथून पुढच्याच टप्प्यात.

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात, ‘डूम्सडे’च्या अगदी शेवटच्या क्षणी, रोझसाठी डोळे भरलेले असताना, टार्डिसमध्ये नवरीच्या वेशातली एक चिडलेली बाई उभी राहते. तुम्हाला तिचा रागच आला असेल. ती डोना नोबल, चिझिकची, ऑफिसांत बदली कामावर जाणारी. पुढच्याच भागात, २००६च्या नाताळच्या कथेत, डॉक्टर थेम्सचं पाणी सोडून राक्नॉस या कोळ्यासारख्या परग्रही जातीच्या राणीची सगळी पिल्लं बुडवतो आणि स्वतः तिथेच, आगीत आणि पाण्यात, निर्विकार उभा राहून बघत राहतो. रोझ गेल्यावर त्याचं काय झालंय ते त्या चेहऱ्यावर दिसतं. डोना ओरडते, आता थांब. तो भानावर येतो. शेवटी तो तिला बरोबर चल म्हणतो तेव्हा ती नाही म्हणते, पण बजावते की कुणालातरी शोध, कारण कधीकधी तुला थांबवणारं कुणीतरी लागतं. तेव्हा रोझची जागा कुणी घेतली असं समजू नका. डोना रोझची जागा घेत नाही, ती इअनची जागा घेते.

मग २००८चा पाँपेईचा भाग. व्हेसूव्हिअस फुटला नाही तर सगळी पृथ्वी जाणार, फुटला तर गावातली वीस हजार माणसं मरणार, आणि कळ दाबायची डॉक्टरने. डोना त्याच्या हातावर आपला हात ठेवते आणि दोघं मिळून ती दाबतात. १९६३मध्ये धरलेला हात त्याला थांबवण्यासाठी होता, हा हात त्याला एकट्याने ते ओझं उचलावं लागू नये म्हणून होता. त्यानंतर राखेच्या पावसात ती रडत विनवते, सगळं गाव नको, कुणालातरी एकाला तरी वाचव. डॉक्टर परत फिरतो आणि केसिलिअसचं एक कुटुंब उचलून आणतो. बार्बराला जे जमलं नाही ते डोनाला एका घरापुरतं जमलं.

त्याच वर्षी ‘टर्न लेफ्ट’ नावाचा भाग आहे, त्यात डॉक्टर जवळजवळ नाहीच. प्रश्न एकच: त्या नाताळला डोना त्याला भेटलीच नसती तर? थांबवायला कुणी नसल्यामुळे तो थेम्सखालीच मरतो, आणि मग एकामागून एक संकटं येतात ती अडवायला कुणी उरत नाही. लंडन नष्ट होतं, माणसं निर्वासित होतात. डोनाच्या कुटुंबाला ज्या घरात आसरा मिळतो तिथल्या हसतमुख इटालियन गृहस्थाला एक दिवस सैनिक ट्रकमध्ये बसवून नेतात, ‘श्रमछावणीत’. डोनाला उमजत नाही. तिचे आजोबा विल्फ्रेड, दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी असलेले, एवढंच म्हणतात की मागच्या वेळीही हेच नाव दिलं होतं. मी हा भाग आईबरोबर पाहिला होता. तिला इंग्रजी जेमतेम कळतं, पण त्या ट्रकच्या प्रसंगाला तिने माझा हात घट्ट धरला.

आणि उलट पुरावा हवा असेल तर २००९चा मंगळावरचा भाग बघा. डॉक्टर एकटा हिंडतोय, सोबत कुणी नाही. मरणारच अशी इतिहासात नोंद असलेल्या अॅडलेड ब्रुकला तो वाचवतो आणि आता काळाचे नियम माझ्या हुकमात आहेत असं छाती फुगवून सांगतो. त्याला आवरणारं कुणी नसल्यामुळे शेवटी अॅडलेडलाच ते करावं लागतं. ती घरात जाते आणि स्वतःवर गोळी झाडून घेते.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १९८२मध्ये एड्रिक हा किशोरवयीन सोबती गणित सोडवता सोडवता यानासकट आदळून मरतो, आणि त्या दिवशी श्रेयनामावली त्याच्या तुटलेल्या बिल्ल्यावरून, संगीताविना, सरकते. १९८४मध्ये टेगन ही सोबतीण एवढे मृत्यू बघून खचते आणि आता यात आनंद उरला नाही म्हणून निघून जाते. त्याच कथेत डॉक्टर हातात शस्त्र घेऊन डॅव्हरॉस या जुन्या शत्रूला मारायला गेला होता. ती गेल्यावर त्याला कळतं की आपण बदलायला हवं. निघून जाणं हासुद्धा मनगट धरण्याचाच प्रकार असू शकतो. २००७मध्ये मार्था, रोझनंतरची सोबतीण, हीसुद्धा स्वतःच्या पायांनी जाते, आणि त्यासाठी मला तिचा फार आदर वाटतो. वर्षभर सगळी पृथ्वी पायी तुडवून तिनेच जग वाचवलेलं असतं.

सारा जेन स्मिथ ही जुनी सोबतीण तर तुम्हाला भेटलीच आहे, दुसऱ्या सीझनमधल्या शाळेच्या भागात. तिथे ती विचारते, तू परत का आला नाहीस, मी वाट बघत राहिले. तो प्रश्न १९७६पासूनचा आहे. तेव्हा त्याने तिला क्रॉयडन म्हणून भलत्याच ठिकाणी उतरवलं होतं, आणि ते ॲबरडीन होतं हे प्रेक्षकांना कळायला ३० वर्षं लागली. एलिझाबेथ स्लेडन यांनी त्या एका भागात जी तगमग दाखवली ती तीस वर्षांची वाट पाहिल्याशिवाय साधली नसती. सोबती बदलत राहतात याचा हा फायदा मला दिसतो. मालिकेला मागे सोडलेल्या माणसांची आठवण ठेवावी लागते.

आता आठवणीचाच विषय निघालाय तर तुमचा मूळ राग, की निरोप फार क्रूर असतात, त्याबद्दल लिहितो. सर्वांत क्रूर निरोप मृत्यूचे नाहीत, विसरण्याचे आहेत. १९६९मध्ये, ‘द वॉर गेम्स’च्या दहाव्या भागात, टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्याच जातीचे लोक, जेमी आणि झोई या सोबत्यांच्या डोक्यातून पहिली भेट सोडून सगळं पुसून त्यांना घरी पाठवतात. २००८मध्ये डोनाच्या बाबतीत तेच होतं, आणि या वेळी पुसणारा स्वतः डॉक्टर असतो. डॉक्टरचं सगळं ज्ञान डोक्यात शिरल्याने ती मरणार असते, म्हणजे तिचा जीव वाचवण्यासाठी खरं, पण ती रडून नको म्हणत असते. मग भर पावसात विल्फ्रेड दारात उभे राहून त्याला सांगतात, रोज रात्री चांदण्या निघाल्या की तिच्या वतीने मी वर बघत जाईन. आत ती फोनवर गप्पा मारत असते, काहीच ठाऊक नसलेली. बर्नार्ड क्रिबिन्स यांनी तो प्रसंग इतका साधा केलाय की मला तो आजही सलग बघवत नाही.

मालिका इथे थांबली असती तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण ती थांबली नाही. २०१५मध्ये तो क्लॅरा या सोबतिणीबरोबर तेच करू पाहतो आणि ती ठणकावते की माझा भूतकाळ माझा आहे. शेवटी विसरतो तो, ती नाही. २०१७मध्ये बिल पॉट्स या नव्या सोबतिणीची आठवण पुसायला तिच्या कपाळाकडे त्याची बोटं जातात, तेव्हा ती एवढंच विचारते की हे कुणी तुझ्याबरोबर केलं तर तुला कसं वाटेल. तो बोटं मागे घेतो. पुन्हा तोच हात, पुन्हा थांबवलेला, या वेळी नुसत्या शब्दाने. आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये डोनाला सगळं आठवतं, आणि ती मरत नाही, कारण ते ओझं तिच्या मुलीत आणि तिच्यात वाटलं गेलेलं असतं. मुलीने स्वतःसाठी निवडलेलं नाव रोझ आहे.

तुम्ही आता हे करा. ‘द रनअवे ब्राइड’, म्हणजे डोनाची ती नाताळची कथा, लावा, मग मार्थाचा सीझन, मग डोनाचा. मध्येच जुनं बघावंसं वाटलं तर पहिली कथा आणि अॅझ्टेक, कृष्णधवल आणि संथ असली तरी. यास्मिन खान या सोबतिणीचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ २०१८चा आहे. तो क्रमाने येईपर्यंत थांबलात तरी हरकत नाही, पण चुकवू नका. तिच्या आजीच्या लग्नाच्या दिवशी, १९४७च्या ऑगस्टमध्ये, फाळणीची रेघ घराच्या अंगणातून जाते, आणि त्या वेळी डॉक्टरला काहीही करता येत नाही.

खूप पुढे २०२२चा एक खास भाग लागेल. त्याच्या शेवटी एका खोलीत गोलाकार खुर्च्या मांडून डॉक्टरबरोबर कधी ना कधी प्रवास केलेली माणसं बसलेली असतात. टेगन आहे, एस आहे, जो ग्रँट आहे, मेल आहे. जे घडलं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून एकमेकांना सांगायला जमलेली. त्यांच्यात एक ९७ वर्षांचे गृहस्थ आहेत. डॉक्टरचा उल्लेख कुणीतरी ‘ती’ असा करतं तेव्हा ते दचकून पुन्हा विचारतात. ते विल्यम रसेल, म्हणजे इअन चेस्टरटन, ५७ वर्षांनी त्याच भूमिकेत. तिथे पोचलात की मला कळवा.