लाटांवर पोट भरतं का?

प्रश्न : मावशी, मी पेडण्याची, वय 24. पणजीत एका जाहिरात कंपनीत व्हिडिओ एडिटिंग करते. अश्वेला सर्फिंग शिकले आणि आता डोक्यात दुसरं काही येतच नाही. माझ्या सर्फिंगचे व्हिडिओ टाकते, थोडे लोक बघतात. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, "लाटांवर कुणाचं पोट भरलंय? आणि ओल्या कपड्यांतले व्हिडिओ गावाला दाखवणार?" काय करू?
— लाटवेडी

उत्तर : लाटवेडी बाळा,

नोकरी आत्ता सोडू नकोस. सर्फिंग तर मुळीच सोडू नकोस. हे तुझ्या बाबांचं मन राखायला म्हणत नाही, तुझं काम टिकावं म्हणून म्हणते.

अमेरिकेत जॉन सेव्हरसनने 1960 साली 'सर्फर' मासिक सुरू केलं. या खेळाचं बायबल म्हणायचे त्याला. 2020 मध्ये तेही बंद पडलं. उलट 1985 मध्ये कॅलिफोर्नियात 'सर्फलाइन' सुरू झाली, फोन करायचा आणि आज लाटा कशा आहेत ते ऐकायचं. ती आजही चालते, कारण लोकांना सकाळी उठल्यावर तीच माहिती हवी असते.

तुझे व्हिडिओ तुझ्याबद्दल आहेत, मला खटकतं ते एवढंच. बोर्डवर उभी राहिलेली मुलगी लोक दोन-चारदा बघतील. आज मोरजी, अश्वे, मांद्रेचा समुद्र कसा आहे, नवशिक्याने उतरावं की नाही, हे मराठी-कोंकणीत रोज सांगणारी मुलगी ते रोज बघतील. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज फुकट देते. तो वाचायला शीक. एक मीटरची लाट 14 सेकंदांच्या अंतराने येत असेल तर ती लांबून आलेली, ताकदीची. तेवढीच लाट सहा सेकंदांनी आली तर जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कटलेली. मग किनाऱ्यावर जाऊन रांपणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचार, वाळू कुठे सरकली, पाण्याची ओढ कुठे आहे. जीवरक्षकांशी बोल. शंका आली तर दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तुझ्या ऑफिसपासून फार लांब नाही. मोरजीला अंडी घालायला येणारी कासवं, खचत चाललेली वाळू, हे सगळं तुझ्याच विषयात येतं.

खेळाची बातमीही समजावून सांगणारं कुणीतरी हवंय. 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं, तेव्हा गुण कसे देतात हे आपल्या किती वाचकांना ठाऊक होतं? प्रत्येक लाटेला दहापैकी गुण आणि सर्फरच्या सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज, एवढं सोपं आहे ते. असं लिहून गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या क्रीडा पानाला पाठव. मानधन कमी असेल, पण नाव छापून येईल आणि संपादकाच्या हाताखाली लिहिणं सुधारेल.

पैसे आधी तुझ्या हातातल्या कौशल्यातून येतील : सर्फ स्कूलसाठी शूटिंग, शिकायला आलेल्या पाहुण्यांचे फोटो. पाण्यातून शूट करायचं तर कॅमेऱ्याच्या हाउसिंगच्या, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पेटीच्या काचेवर थेंब साचतात. जाणकार फोटोग्राफर उतरण्याआधी काच चक्क जिभेने चाटतात, म्हणजे पाणी पसरून ओघळतं. अशा गोष्टी जुन्या माणसांबरोबर राहूनच कळतात. ज्या स्कूलने पैसे दिले, त्याचं नाव घेताना ते व्हिडिओत स्पष्ट सांग.

आता बाबा. कपड्यांचं त्यांचं बोलणं मला मान्य नाही. लांब बाह्यांचा लायक्रा, म्हणजे सर्फिंगचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, उन्हापासून आणि बोर्डच्या घासण्यापासून वाचवतो, त्यात लाजण्यासारखं काय? पण घाण कॉमेंट येतील ही त्यांची भीती खरी आहे. त्या वाचायचं आणि उडवायचं काम एखाद्या मैत्रिणीकडे दे. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला पत्रकारिता शिकायला गेली आणि सर्फर झाली. 2007 मध्ये तिने तुषार पथियानबरोबर शाका सर्फ क्लब काढला. तिच्याबद्दल बाबांना वाचायला दे. त्याहून बरं म्हणजे एका रविवारी त्यांना अश्वेला ने आणि तुझ्या शिक्षकाशी गाठ घालून दे.

पावसाळ्यात, लाल बावटे लागले की, कॅमेरा घेऊन पाण्यात उतरायचं नाही. कितीही देखणी लाट असली तरी नाही, आणि एकटीने तर कधीच नाही. ते महिने एडिटिंगला आणि लिहायला ठेव.

सलग दोन हंगाम बाहेरच्या कामातून निम्म्या पगाराइतके पैसे आले की राजीनामा लिही. तोवर साहेबांना सकाळची वेळ थोडी उशिराची मागून बघ.

तुझी,
मावशी