ग्लॅडस्टन यांच्या पुतळ्याचे लाल हात

प्रश्न : माझा मुलगा पूर्व लंडनमध्ये राहतो. तेथील बो भागातल्या चर्चजवळच्या, ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या पुतळ्याचे छायाचित्र त्याने पाठवले. त्यात पुतळ्याचे हात लाल रंगाने माखलेले दिसतात. कारखान्यातील मुलींच्या मजुरीतून पैसे कापून हा पुतळा उभारल्याचे तेथे सांगतात. हे खरे आहे काय? माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या आणि छाटीच्या, म्हणजे विड्या खराब ठरवून बाजूला काढण्याच्या, नावाखाली मजुरी कशी बुडते ते पाहिले, म्हणून विचारतो.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : पुतळा कोणी दिला याविषयी वाद नाही. ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्याचे थिओडोर ब्रायंट यांनी शिल्पकार अल्बर्ट ब्रूस-जॉय यांच्याकडून तो घडवून घेतला आणि १८८२ साली, म्हणजे ग्लॅडस्टन पंतप्रधानपदावर असतानाच, तो बसवला गेला. (लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव याच वर्षीचा आणि याच सरकारच्या काळातला.) गंमत अशी की, १८७१ साली काडेपेट्यांवर कर बसवण्याचा घाट ग्लॅडस्टन यांच्याच मंत्रिमंडळाने घातला होता आणि कामगारांच्या मोर्चानंतर तो मागे घ्यावा लागला होता.

मजुरीतून प्रत्येकी एक शिलिंग कापल्याची हकीकत अ‍ॅनी बेझंट यांनी जून १८८८ मध्ये, म्हणजे अनावरणानंतर सहा वर्षांनी, आपल्या लेखात छापली. अनावरणाला मुली खिशात दगडविटा घेऊन गेल्या होत्या आणि काहींनी आपल्या हातांवर कापून घेऊन रक्त तेथील संगमरवरावर सांडले, असे त्यात आहे. मात्र रक्ताचा भाग लिहिताना ‘असे सांगतात’ ही पुस्ती बेझंटबाईंनी स्वतःच जोडली आहे. शिवाय पुतळा ब्राँझचा आहे. तेव्हा रक्ताची गोष्ट आम्ही ऐकीवच मानतो, आणि शिलिंगाची शक्य असली तरी सिद्ध झालेली नाही असे म्हणतो.

त्यामागचा संताप मात्र ऐकीव नव्हता. काड्यांच्या गुलासाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड सडत असे, आणि बोलण्यावरून किंवा उशिरा येण्यावरून तुटपुंज्या मजुरीतून दंड कापला जाई. बेझंटबाईंचा लेख निघाल्यानंतर जुलै १८८८ मध्ये सुमारे चौदाशे मुली व स्त्रिया संपावर गेल्या आणि दंडाची पद्धत बंद करण्याचे मालकांकडून कबूल करून घेऊनच कामावर परतल्या. आपल्या आईंना या संपाचे मर्म कोणा इतिहासकारापेक्षा लवकर कळले असते.

हातांवरचा रंग त्या काळचा नाही. तो अलीकडच्या काही दशकांत निषेध म्हणून लावला जाऊ लागला आणि पुसला तरी पुन्हा लावला जातो. आपल्या चिरंजीवांना जवळच्या फेअरफील्ड रोडवरही जायला सांगावे. त्या कारखान्याच्या जागेवरील नंतरच्या इमारतींत आता सदनिका आहेत, आणि २०२२ पासून तेथे संपाची आठवण देणारी निळी पाटी लावलेली आहे.