रेंज माणसांची, रिपोर्ट मांजरीचा

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची मांजर सोनी १३ वर्षांची आहे, दिवसभर खायला मागते तरी सहा महिन्यांत ४.२ किलोवरून ३.१ वर आली, रात्री दोन-अडीचला घरभर ओरडत फिरते, आणि टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) ६.८ आला तो लॅबने 'नॉर्मल' म्हटलाय. आधी तो कागद पुन्हा हातात घ्या आणि आकड्याशेजारी छापलेली रेंज वाचा. तिथे ५ ते १२ च्या आसपास काही असेल तर ती माणसांची आहे. मांजरीचा टोटल टी-४ साधारण ०.८ ते ४.७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर असतो. त्या हिशोबाने सोनीचा टी-४ चांगलाच वाढलेला आहे, म्हणजे तिचा थायरॉइड जास्त काम करतोय. (एकक तेवढं तपासा, नॅनोमोल लिहिलं असेल तर हिशोब वेगळा.) माणसांच्या किटवर टीएसएच (थायरॉइडचीच दुसरी तपासणी) केली असेल तर मांजरीसाठी ती धरूच नका.

आमच्या चिमीचं हेच झालं होतं. रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं, रिपोर्टवर 'बेबी चिमी, १२ वर्षं, स्त्री' असं छापून आलं, सगळे आकडे रेंजमध्ये. आम्ही दोन महिने जंताचं औषध देत बसलो. आई म्हणायची, "खातेय ना पोटभर, मग कसली काळजी?" या आजारात भूकच फसवते. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागायचा, आणि छातीवर तळहात ठेवला तर ठोके मोजता येत नव्हते, नुसती थरथर. ते दोन महिने मला अजून टोचतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढून जास्त हार्मोन सोडते. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सर शंभरात दोन-तीन जणींनाच. घाबरू नका, पण वेळही काढू नका.

थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), लघवी, लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि बीपी बघायला सांगा. बीपी फार वाढलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका दिवसात आंधळी होऊ शकते. किडनीचं तर नीट समजून घ्या. जास्तीच्या हार्मोनमुळे किडनीतून रक्त जोरात वाहतं, शिवाय अंगावरचं मांस झडलेलं असतं, त्यामुळे क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसतं. थायरॉइड आटोक्यात आला की किडनीचा दडलेला आजार वर येतो आणि लोक गोळीला दोष देतात. म्हणून सुरुवात कमी डोसने, आणि दोन ते चार आठवड्यांत टी-४ आणि किडनी पुन्हा.

हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या म्हणजे मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल, दोन्ही चालतात. चिमीला ५ मिलिग्रॅमची अर्धी कार्बिमाझोल दिवसातून दोनदा सुरू केली होती, पण सोनीचा डोस डॉक्टरच ठरवतील. गोळी कुटून भुकटी करू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने गोळी आणि लिटर (मांजरीच्या शी-शूची माती) दोन्हीला हात लावू नये. उलट्या झाल्या, जेवण सोडलं किंवा तोंड खाजवून रक्त काढलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पहिले तीन महिने जास्त लक्ष ठेवा.

रेडिओआयोडीनच्या (किरणोत्सारी आयोडीनच्या) एका इंजेक्शनने बहुतेक मांजरी कायमच्या बऱ्या होतात, पण इंदुरात आमच्या हाताशी गोळीच होती. ऑपरेशनही असतं, मात्र कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं. दुसरं मत हवं असेल तर महूचं पशुवैद्यकीय कॉलेज इंदूरहून तासाभरावर आहे, आधी फोन करून जा.

दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहा. आधी तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. आज रात्री ती गाढ झोपली की मिनिटभर श्वास मोजा. तीसच्या वर असतील किंवा ती तोंड उघडून धापा टाकत असेल, तर थायरॉइडचं राहू द्या, आधी हृदय दाखवा.