मेससाठी थेट शेतकऱ्याकडून खरेदी: करार नंतर, आधी मेनू

तुमचं वसतिगृह ३०० मुलांचं, मेस दोन वेळची. पुरंदर-मावळकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीशी (शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपनीशी) वर्षभराचा एकच दर ठरवला, तिसऱ्या महिन्यात माल यायचा थांबला, आणि आता नवा करार कसा लिहावा असं तुम्ही विचारलंय.

करारावर येतोच, पण आधी भिंतीवरचा मेनू बघा. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी मटार-बटाटा असं वर्षभराचं छापलेलं असेल, तर तो मेनू फक्त पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातूनच भागतो. पुरंदरचा मटार पावसाळ्यात येतो. जानेवारीत गुलटेकडीला उतरतो तो बहुतांश मध्य प्रदेशातला. म्हणून मेनूत भाजीचं नाव लिहूच नका. पालेभाजी, शेंगभाजी, फळभाजी, उसळ एवढंच लिहा. पुढच्या आठवड्यात काय निघणार ते कंपनीने गुरुवारी कळवायचं आणि शनिवारपर्यंत तुम्ही वजनासकट ऑर्डर द्यायची. हे ठरवताना आचारी हजर हवाच. निवडायला किती माणसं लागतील हे त्यालाच कळतं, आणि त्याला न विचारता आलेली चवळी कोपऱ्यात सुकते.

वजन काढताना निवडल्यानंतरचं धरा. माणशी १२० ग्रॅम म्हणजे एका वेळेला ३६ किलो निवडलेली भाजी. बटाटा असेल तर ४०-४२ किलोंत भागतं, पण मेथीचा जवळजवळ निम्मा भाग देठांत आणि मुळांत जातो, म्हणजे ७० किलोंच्या आसपास मागवावी लागते. यार्डात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर निघतो. तुम्ही मात्र किलोवरच घ्या. पावसाळ्यात जुडी चिखलापाण्याने जड होते आणि उन्हाळ्यात बारीक, मग रोज गेटवर वाद. वजन कुठे करायचं (तुमच्या गेटवर) आणि रिकाम्या क्रेटचं किती वजा करायचं, हे करारात लिहून टाका. कुजका माल परत करायचा तर गाडी उभी असतानाच. संध्याकाळी फोटो पाठवून केलेली कपात कुणीही मानत नाही.

वर्षभराचा एकच दर हे तुमचं खरं दुखणं. बाजार चढला की माल यार्डाकडे वळतो, आणि पडला की तुमच्याच व्यवस्थापन समितीत कुणीतरी विचारतं, बाहेर आठ रुपयांनी असताना आपण अठरा का मोजतोय? त्याऐवजी सूत्र ठरवा. पुणे बाजार समितीच्या मागच्या सात दिवसांच्या कमाल आणि किमान भावांची सरासरी, अधिक वाहतुकीचा ठरलेला खर्च. हा दर शनिवारी निघेल आणि सोमवारपासून आठवडाभर चालेल. शिवाय प्रत्येक भाजीला तळाचा आणि वरचा भाव बांधा. तळाचा भाव काढणी आणि वाहतूक निघेल इतका तरी असावा. टोमॅटो मातीमोल होतो त्या आठवड्यांत शेतकरी तुमच्यासोबत टिकतो तो या एका ओळीमुळे. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आहे, त्यामुळे थेट खरेदीला कायद्याची आडकाठी नाही.

पैसे आठवड्याला द्या. महिन्याच्या बैठकीत बिलं मंजूर करायची तुमची पद्धत असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंत मेस व्यवस्थापकाला अधिकार देणारा ठराव आधी करून घ्या. शेतकऱ्याला अडत्याकडून पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, पैसे लवकर मिळतात. तुमच्यासाठी तो दीड महिना थांबणार नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही करू नये.

तांदळाचं गणित वेगळं. माणशी ८० ग्रॅम धरले तर दोन वेळचे ४८ किलो, २६ दिवसांचे साधारण सव्वा टन. मावळातला इंद्रायणी घ्यायचा तर डिसेंबरात लगेच शिजवायला काढू नका. नवा इंद्रायणी मोठ्या पातेल्यात गोळा होतो, मग मुलं टाकतात आणि दोष तांदळावर जातो. पिकाच्या वेळी भाताचा (टरफलासकट तांदळाचा) सौदा करा, भात कंपनीच्या गोदामातच नीट वाळवून राहू द्या आणि चार-पाच महिन्यांनंतर दर महिन्याला लागेल तेवढाच भरडून आणा. सव्वा टन तांदळाला दोन टनांच्या आसपास भात लागतो. टरफलात कीड कमी लागते, तुमच्याकडे एकदम साठवलेल्या तांदळात पावसाळ्यात सोंडे होतात. कणी किती टक्के चालेल ते आधीच ठरवा. तूरडाळ मात्र जिल्ह्यातलीच हवी असा हट्ट नको. ती लातूर-अकोल्याकडच्या शेतकरी कंपनीकडून घेतली तरी हेतू साधतो.

शाळेच्या पोषण आहारासाठी अशी थेट खरेदी जमेल का, असं एका शिक्षिकेनेही विचारलंय. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला भाजी रोज ५० ग्रॅम, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे १०० मुलांच्या प्राथमिक शाळेला फक्त पाच किलो. तेवढ्यासाठी कुणी गाडी काढत नाही. तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, पाच-सहा शाळांनी एकच ऑर्डर द्या आणि वाटेवरच्या एका शाळेत माल उतरवून घ्या.

आता पुन्हा वसतिगृहाकडे: तुमच्या सध्याच्या भाजीवाल्याला मात्र लगेच सोडू नका. कांदा, बटाटा आणि आठवड्यातले दोन दिवस त्याच्याकडेच ठेवा. घाटात गाडी अडकली तर सकाळी सहाला तुम्ही फोन त्यालाच करणार आहात.