गाडी बँकेला परत दिली की सुटलो का?

रुमालात गुंडाळलेली किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, ही बँकेत देऊन टाकतो आणि मोकळा होतो. सही कुठे करायची तेवढं सांगा."

गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ओव्हरटाइम धरून हातात अठ्ठेचाळीस हजार यायचे, त्या भरवशावर नवी गाडी घेतली. नऊ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं, हप्ता १४,७१०. मग ओव्हरटाइम बंद झाला आणि पगार एकतीस हजारांवर आला. सव्वीस हप्ते वेळेवर गेले, पुढचे दोन बाउन्स झाले. गाडी महिनाभर सोसायटीत उभी होती, बॉनेटवरच्या धुळीत पोरांनी नावं लिहून ठेवली होती. पेट्रोल परवडत नाही हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हे रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवायचे!

किल्ली दिली की कर्ज मिटतं, असं समजून येणारे हे काही पहिले नव्हेत. किल्ली दिली की फक्त तारण बँकेकडे जातं, कर्ज जागच्या जागी राहतं. बँक गाडी लिलावात काढते. ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च लावते. एवढं करून जे कमी पडेल ते तुमच्याकडेच मागते, नाहीतर जामीनदाराकडे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर.

'जामीनदार' म्हणताच त्यांची मान खाली गेली. जामीन होते मेव्हणे. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"पण मी पावणेचार लाखांच्या वर भरलेत की हो!" भरले होते, ३,८२,४६०. पण स्टेटमेंट दोघांच्या मध्ये ठेवून मुद्दलाच्या रकान्यावर बोट फिरवलं, तर मुद्दल जेमतेम दोन लाख अठरा हजारांनी उतरलेलं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्या हप्त्यांपेक्षा मोठा असतो. हे कर्ज देताना कुणी समजावून सांगत नाही, आणि शोरूममध्ये पेढे वाटताना कुणी विचारतही नाही.

मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, ते आधी पाहिलं. सात वर्षांच्या पुढे त्यांची बँक जायला तयार नव्हती. मग ते जरा चाचरत म्हणाले, "भाचा म्हणतोय, गाडी मला द्या, हप्ते मी भरतो." इथे मात्र मी आवाज चढवला. गाडी भाच्याकडे, आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) आणि कर्ज मामाच्या नावावर! त्याने हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होणार मामांची. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय. शिवाय बँकेला न विचारता तारणाची गाडी अशी देऊन टाकणं म्हणजे कर्जाच्या कराराचा भंग.

उरला एकच मार्ग: तिसरा हप्ता थकायच्या आत गाडी आपणच विकायची. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत, जातं. हातात अठरा दिवस होते.

बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज आत्ता बंद करायला किती भरायचे त्याचं, पत्र मागवलं. मुद्दल ६,८२,०००, त्यावर दोन महिन्यांचं व्याज, बाउन्सचा दंड, मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे तीन टक्के आणि त्या तीन टक्क्यांवर जीएसटी. एकूण ७,१८,६००. जुन्या गाड्यांच्या डीलरने सहा लाख दहा हजार सांगितले. त्यांच्या ऑफिसातल्याच एकाने पावणेसात लाखांना गाडी घेतली. बोजा असलेली गाडी घ्यायला माणूस बिचकतो, म्हणून व्यवहार बँकेच्या शाखेत बसून केला. त्याने पैसे मालकाला न देता थेट कर्जखात्यात आरटीजीएस केले. कमी पडणारे ४३,६०० त्याच दिवशी यांनी भरले. त्यातले तीस हजार त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे ताईंच्या, भिशीचे. ताईंना खरं सांगणं या सगळ्यात अवघड होतं, असं ते नंतर म्हणाले. ताई म्हणाल्या, "मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं, तर बाउन्सचे तरी वाचले असते."

मधल्या दिवसांत वसुलीवाल्याचा फोन रात्री नऊ वाजता यायचा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगून ठेवलंय, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. आम्ही तारीख-वेळेसकट बँकेच्या तक्रार विभागाला मेल पाठवला. फोन थांबले. 'अर्ध्यात मिटवून टाका' अशीही एकदा ऑफर आली. तसं मिटवलं की सिबिलवर 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण भरायची सोय होत होती, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

पैसे भरल्यावरही काम संपत नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवायचा, मग २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर गाडी नव्या मालकाच्या नावावर करायची. काचेवरचा फास्टॅग विसरू नका, तो बंद करून काढून टाका. नाहीतर टोल दुसऱ्याचा आणि पैसे तुमचे.

एनओसी तीन आठवड्यांनी आली. ती दाखवायला ते आले तेव्हा पीएमपीच्या बसचं तिकीट शर्टच्या खिशातून डोकावत होतं. त्यांनी आमच्या खालच्या दुकानातून एनओसीच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक माझ्या फाइलला लावायला दिली. दुसरी घडी घालून पाकिटात ठेवत म्हणाले, "ही मेव्हण्यांना. पोस्टाने नाही पाठवत, स्वतः जातो."